जोराच्या धारेत शिसं तळाला टिकत नाही

प्रश्न
नदीत गळ टाकून मासे धरतो. पात्र साधारण ४० मीटर रुंद, तळाला गोटे, मधेमधे खडक. लाइन ०.४५ मिमीचा तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा), गळ तळाला धरून ठेवायला ६० ग्रॅमचं गोल शिसं, पुढे ७० सेंमीचा लीडर (गळ बांधलेला शेवटचा तुकडा). सरळ समोर टाकलं की दोन मिनिटांत घरंगळत काठाला येतं. १०० ग्रॅम लावलं तर खडकात अडकून तुटतं. रॉड १२० ग्रॅमपर्यंतचं वजन फेकायचा आहे. वजन आणखी वाढवू का?

उत्तर १
वजनाचं नंतर बघा, आधी लाइन बदला. ०.४५ चा २० मीटर तंगूस पाण्यात आडवा असेल तर धारेला ९० चौरस सेंमी जागा मिळते. तुमच्या गोळ्याची जेमतेम ४. म्हणजे शिसं वाहत नाही, लाइन त्याला ओढून नेते. ०.२३ ची ब्रेडेड (विणलेली बारीक लाइन) भरली की हा रेटा जवळपास निम्मा होतो. टोकाला ३-४ मीटर आधीचाच ०.४५ चा तंगूस जोडाच, ब्रेडेड खडकाला घासली की टिकत नाही. रॉड उभा ठेवा. जेवढी लाइन पाण्याबाहेर, तेवढं बरं.

गोल शिसं गोट्यांवर पळणारच. चपटं घ्या, ८०-९० ग्रॅम.

आता फेक. समोर नको, धारेच्या वरच्या अंगाला तिरपं टाका. शिसं तळाला टेकलं की लगेच लाइन ताठ करू नका, सगळं इथेच बिघडतं. ताठ लाइन शिशाला वर उचलते. उलट आणखी ४-५ मीटर सोडा. धारेने लाइनला कमान येते आणि ओढ तळालगत, आडवी बसते. मासा लागला की शिसं सुटतं आणि रॉडचं वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. आधी ढील भराभर गुंडाळा, मगच झटका द्या.

उत्तर २
अडकण्यावर उपाय: तीन तोंडांचं स्विव्हल (फिरती कडी). एकाला मुख्य लाइन, दुसऱ्याला लीडर, तिसऱ्याला २०-२५ सेंमीचा कमजोर तुकडा आणि त्याला शिसं. मुख्य लाइन ९ किलोची असेल तर तुकडा ४ किलोचा. अडकलं तर फक्त शिसं जातं, गळ आणि मासा हाती राहतो. मात्र जोरात फेकू नका, तुकडा हवेतच तुटून शिसं गोळीसारखं सुटतं. सावकाश झोका देऊन सोडा, मागेपुढे कोणी नाही हे बघून.

लीडर ७० फार झाला, धारेत गोल फिरून पीळ पडतो. ३० पुरे.

सोडवताना रॉड वाकवून ओढू नका, तो लाइनच्या रेषेत धरा. ब्रेडेड हाताला गुंडाळलीत तर बोट कापेल. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून मागे चला, तोंड दुसरीकडे ठेवून.

उत्तर ३
१२० ग्रॅममध्ये आमिषाचंही वजन धरा. आणि भर धारेत टाकायचा हट्ट कशाला? धार आणि संथ पाणी जिथे मिळतं ती रेघ शोधा, किंवा मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाची जागा. मासे तिथेच दबा धरतात, ताकद वाचते त्यांची. तिथे ५०-६० ग्रॅमचं चपटं शिसंही टिकेल. पाण्यात पालापाचोळा असेल तर दर १०-१५ मिनिटांनी लाइन काढून साफ करा. तो साचला की कुठलंच वजन टिकत नाही. पाणी चढताना दिसलं तर मात्र गाशा गुंडाळून काठ सोडा.