36 गुणांच्या गार्डला अडवायचं कसं? बॉक्स-अँड-वन की मॅन-टू-मॅन?

तिसरा_पास (धागाकर्ता)
बझरबीटर, म्हणजे आपला बास्केटबॉल संघ चालवायचा ऑनलाइन खेळ, खेळणाऱ्यांसाठी धागा काढतोय. शनिवारी आमचा चषकाचा सामना आहे. समोरच्यांचा शूटिंग गार्ड (बाहेरून शॉट मारणारा खेळाडू) मागच्या सहा सामन्यांत सरासरी 36 गुण करतोय. ज्याला विचारावं तो एकच सांगतो, डोळे झाकून आउटसाइड बॉक्स-अँड-वन लाव. माझा याला ठाम विरोध आहे, मी मॅन-टू-मॅनच्या (प्रत्येकाने समोरचा एकेक ठरलेला माणूस धरायचा) बाजूचा.

बॉक्समध्ये आपला एक जण त्या स्टारच्या मागे सावलीसारखा फिरतो, उरलेले चौघे चौकोन धरून झोन खेळतात, माणूस न धरता आपापली जागा राखतात. म्हणजे त्यांच्या बाकी चौघांवर आपला ठरलेला माणूसच नाही. काल रात्री सहाही सामन्यांचे तक्ते उघडून बसलो. हा गार्ड त्या 36 गुणांसाठी सरासरी 31 शॉट मारतो. त्यांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस) 12 शॉटमध्ये 17 गुण काढतो. गार्डने मारलेला प्रत्येक शॉट म्हणजे सेंटरला न मिळालेला शॉट. तो शॉट मी आपल्या हाताने सेंटरला का देऊ?

एनबीएमधला 20 एप्रिल 1986 चा बॉस्टनचा सामना आठवा. शिकागोच्या मायकल जॉर्डनने बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध 63 गुण केले, प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद मालिकांमधला) तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्यासाठी 41 शॉट मारले, सामना दोन ओव्हरटाइमपर्यंत ताणला. जिंकलं कोण? बॉस्टन, 135-131. मालिकाही 3-0 अशी त्यांनीच घेतली.

चौकोन
अजिबात पटलं नाही. तू 1986 काढलंस, मी 22 जानेवारी 2006 काढतो. मध्यंतराला टोरांटो रॅप्टर्सचा संघ लेकर्सच्या 14 गुणांनी पुढे होता. दुसऱ्या हाफमध्ये लेकर्सच्या एकट्या कोबी ब्रायंटने 55 ठोकले, एकूण 81. बाकीच्या सगळ्या लेकर्सचे मिळून किती? 41. इतर गप्प बसले होते, तुला हवं तसंच. तरी टोरांटो 122-104 असा हरला.

सरासरी 36 म्हणजे कधी 25, कधी 50. बाद फेरीत 50 चा दिवस निघाला तर परत खेळायला मिळत नाही. मी त्याला 20 वर आणतो, बाकीच्यांनी करून दाखवावं.

पिव्हट_कोल्हापूर
चौकोन, मी नेमकं हेच करून मागच्या मोसमात हात पोळून घेतले आहेत. त्यांचा गार्ड 19 वर अडकला, आम्ही मनात पेढे वाटले. पण त्यांचा स्मॉल फॉरवर्ड (गार्ड आणि सेंटर यांच्या मधला खेळाडू), ज्याने मोसमभर एकदाही 12 च्या वर मजल मारली नव्हती, त्याने 27 केले. कोपऱ्यात उभा राहून मोकळे शॉट मारत होता, आणि आमचा एकही माणूस त्याच्या अंगावर जात नव्हता, कारण तो कुणाचाच नव्हता. नऊ गुणांनी हरलो. सामना सुरू झाल्यावर डावपेच बदलायची सोय नाही, त्यामुळे चारही क्वार्टर नुसतं बघत बसलो. तिसऱ्या क्वार्टरला तर लॅपटॉप मिटवावासा वाटला.

चौकोन
वाईट वाटलं, पण दोष बॉक्सचा नाही. त्या संघात दुसरा नेमबाज होता आणि तो तुझ्या नजरेतून सुटला. 2019 च्या एनबीए फायनल्सचा दुसरा सामना बघा, रॅप्टर्स विरुद्ध वॉरियर्स. वॉरियर्सचा ड्युरंट नव्हताच, चौथ्या क्वार्टरमध्ये क्ले थॉम्पसनही जखमी होऊन बाहेर गेला. तेव्हा कुठे रॅप्टर्सनी त्यांचा स्टार नेमबाज स्टेफ करी याच्यावर बॉक्स-अँड-वन लावलं, आपल्या व्हॅनव्लीटला त्याच्या मागे सोडलं. वॉरियर्स 106-94 वरून पुढे सरकेचनात, बघता बघता 106-104 झाले. सोबतीला नेमबाज नसेल तर हेच हत्यार.

तिसरा_पास
शेवटचं पान का गाळतोस? त्याच सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत करीवर दोघे धावले, चेंडू वॉरियर्सच्याच लिव्हिंगस्टनकडून इग्वोडालाकडे गेला. तो पूर्ण मोकळा. थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) पडला, 109-104, खेळ खलास. आणि माझ्या समोरच्या संघात तर सेंटर आधीच 17 करतोय. तुझी स्वतःची अटच इथे पुरी होत नाही.

फाऊल_चार
तुम्ही सगळे त्याला अडवायचंच बघताय. त्याला अडवायला लावा ना! एवढे शॉट मारणाऱ्या गार्डचा आउटसाइड डिफेन्स (बाहेरच्या खेळाडूला अडवायचं कौशल्य) किती आहे ते कुणी बघितलं? तुझा शूटिंग गार्ड चांगला असेल तर आक्रमण बाहेरून ठेव, त्याच्याच अंगावर खेळ. दुसऱ्या क्वार्टरला तीन फाऊल झाले की तो बाकावर, मग बॉक्स काय नि मॅन काय. माझे दोन सामने असेच निघाले आहेत.

तिसरा_पास
फाऊल_चार, हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. आता ठरवतोय ते असं. बचाव मॅन-टू-मॅनच. माझ्या स्मॉल फॉरवर्डचा आउटसाइड डिफेन्स संघात सगळ्यात वरचा आहे, त्याला शूटिंग गार्डच्या जागी उतरवतो. उंच आहे, दमही आहे. त्यांच्या गार्डला 31 शॉट मारू दे, पण प्रत्येक शॉटला समोर हात असला पाहिजे. माझा नेहमीचा शूटिंग गार्ड पॉइंटला (चेंडू खेळवणाऱ्या गार्डच्या जागी) सरकेल. धास्ती एकाच गोष्टीची, स्मॉल फॉरवर्डच्या जागी जो पोरगा येतोय तो रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) कच्चा आहे.

पिव्हट_कोल्हापूर
तिथे पॉवर फॉरवर्डला (सेंटरच्या जोडीने आत खेळणाऱ्याला) खेळव, आणि बाकावरचा दुसरा सेंटर चारवर, म्हणजे पॉवर फॉरवर्डच्या जागी घे. चेंडू फिरवणं जड जाईल, पण त्यांच्या त्या सेंटरसमोर दोन उंच माणसं लागतीलच.

चौकोन
पिव्हटचा बदल नक्की कर. मी मात्र बॉक्सच लावला असता. रविवारी सामन्याचा तक्ता इथेच टाक, गार्डच्या शॉटच्या आकड्यासकट.