मदत हवी आहे: दालचिनीच्या पाल्यातून तेल निघतच नाहीये

नमस्कार मंडळी, सावंतवाडीजवळ आमची नारळ-सुपारीची बाग आहे, त्यात बाबांनी लावलेली कोकण तेज जातीच्या दालचिनीची साठेक झाडं. साल काढली की पाला माडाच्या आळ्यात टाकायचो, यंदा म्हटलं तेल काढून बघू.

भट्टी घरचीच आहे, गवती चहासाठी करून घेतलेली. दोनशे लिटरचं स्टीलचं पिंप, आत जाळी, जाळीखाली पाणी, खाली लाकडाचा जाळ आणि वाफ गार करायला बाजूच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेली कॉइल (वेटोळी नळी), तिच्या तोंडाशी तेल-पाणी वेगळं करायची बरणी. गवती चहाच्या ४० किलो पातीला दीडशे ग्रॅमच्या आसपास तेल आरामात येतं, त्यामुळे भट्टीत खोट आहे असं वाटत नाही.

दालचिनीचा पाला चार दिवस सावलीत सुकवून ३० किलो भरला, अडीच तास चालवलं, आणि तेल म्हणाल तर बरणीत वर तरंगणारी चमचाभर तवंग!! दुसऱ्यांदा पायाने दाबून दाबून भरला तर त्याहून कमी. पण वास असा की अख्ख्या पडवीत दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं, आणि बरणीच्या तळाच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी ताकासारखं पांढरट. ते आम्ही माडाला ओततो. पाला जास्त सुकला का? जाळ कमी पडतोय? की आमच्या झाडांतच तेल नाही?

भट्टीकर: पायाने दाबू नका हो. दाबलं की वाफ एखादी फट शोधून तिथनंच वर पळते आणि बाकीचा पाला कोराच राहतो. जाळीवर सैलसर पण सारखा पसरा. आणि झाकणाच्या कडेनं वाफ जात असेल तर कणकेचा लेप लावा, आम्ही अजून तेच करतो.

मिरीवेल: अहो, बादलीच्या तळाशी बघितलंत का? गवती चहाचं तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. दालचिनीच्या पानाच्या तेलात मुख्य असतं युजेनॉल, लवंगेतलंच, म्हणून तो दाताच्या डॉक्टरचा वास. ते पाण्यापेक्षा जड, तळाला बसतं. तुमची बरणी तळातून पाणी सोडते, म्हणजे तेलच आधी बाहेर! उलटी व्यवस्था करा, पाणी वरच्या तोंडातून जाऊ द्या आणि तेल खालच्या तोटीतून काढा. पाणी गार होऊनच बरणीत पडायला हवं, कोमट असलं की दोन्ही नीट वेगळं होत नाही.

धागाकर्ता: आत्ता बॅटरी मारून बघितलं. कालच्या बादलीत तळाला पिवळसर थेंबांची रांग, बोटाला चिकट, जिभेला लावलं तर जीभ बधिर. दोन वेळचं तेल माडाला पाजलं म्हणायचं 😭

मिरीवेल: पाजलंत खरं, आणि नुसते थेंब नाहीत. युजेनॉल पाण्यात लिटरला दोनेक ग्रॅम विरघळतं, बादलीतलं पाणी २५ लिटर धरलं तर झाले पन्नासेक ग्रॅम, शिवाय पांढरटपणा आहे तो तेलाच्या बारीक कणांचाच. ते पाणी फेकू नका, परत जाळीखाली सोडा. आणि अडीच तास गवती चहाला ठीक, हे तेल सावकाश येतं, पाच-सहा तास चालवा. श्रीलंकेत पानाचं तेल मोठ्या प्रमाणावर काढतात, तिथेही घाई करत नाहीत.

धागाकर्ता: रविवारी बरणी बदलून पाच तास चालवलं, पाणी परत आत घेतलं. २४० ग्रॅम!!! पण तेल चहासारखं काळपट आलंय, ते का?

भट्टीकर: कुठेतरी लोखंड लागतंय. कॉइलच्या तोंडाशी गंजका निपल (नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) नाहीये ना? तो काढून स्टीलचा घाला, आणि तेल काचेच्या बाटलीत ठेवा, प्लास्टिकच्या नको.

धागाकर्ता: आहे हो, गंजका निपलच आहे. उद्या कुडाळला जातोय, घेऊन येतो.