उठाव, बंड की क्रांती?

घणसोली : बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या. मराठी मजकुरात कुणी उठाव लिहितं, कुणी क्रांती, कुणी बंड. नेमका शब्द कोणता?

नौपाडा, ठाणे : उठाव. सत्ता कोसळली त्याच दिवशी ‘क्रांती’ लिहू नये. त्यात ‘क्रम्’ धातू आहे, ओलांडून पुढं जाणं. संक्रांत त्यातलीच, सूर्य दुसऱ्या राशीत शिरला तरच ती होते. उठावात फक्त उठणं आहे, कुठं पोचणार ते नाही.

इजिप्त बघा. ११ फेब्रुवारी २०११ ला जनतेच्या आंदोलनापुढे राष्ट्राध्यक्ष मुबारक पायउतार झाले, २०१२ मध्ये त्यांच्या जागी मुर्सी निवडून आले, ३ जुलै २०१३ ला लष्करानं त्यांना हटवलं. कैरोच्या तहरीर चौकात जमलेल्या लोकांची आशा खरीच होती, पण ‘क्रांती’ लिहून आपण निकाल आधीच लावून टाकला.

क्रियापदं लावून बघा. बंड करतात, मोडून काढतात. उठाव होतो, फसतो, चिरडला जातो. क्रांती घडते, ‘क्रांती चिरडली’ कानाला खटकतं.

वाशी : बाजार समितीत ‘आज कांद्याला उठाव नाही’ म्हणतात, तोही हाच शब्द. माल उचलला जातोय एवढंच तो सांगतो. उद्या भाव टिकेल का, ते नाही.

घणसोली : आणि बंड?

नौपाडा, ठाणे : तो बहुतेक वेळा सत्तेच्या बाजूनं दिलेला शब्द. १८५७ ला ‘शिपायांचं बंड’ म्हणत, मग उठाव आला, स्वातंत्र्यसमर आलं. २०२२ मध्ये शिवसेनेतून फुटलेले शिंदे गटातले आमदारही ‘बंड नाही, उठाव’ म्हणत होते. ‘बंडखोर’ म्हटलं की दोष आधीच चिकटतो.

ऐरोली : अरबी बातमी मराठीत आणताना एक जपा. आपल्याकडे इन्किलाब म्हणजे क्रांती. आजच्या अरबीत मात्र सत्तापालट, बहुधा लष्करी. क्रांतीला तिथं ‘थौरा’. २०१३ मध्ये मुर्सींचे समर्थक लष्कराच्या कारवाईला ‘इन्किलाब’ म्हणत होते, ते निषेधानं. शब्द तसाच उचलला तर निषेधाचा जयघोष होतो.

बेलापूर : ‘लढा’ही विसरू नका. त्याला ठरलेली मागणी लागते. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात शेतकरी नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी उतरले, गोळीबारात पाच जण गेले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची तरतूद आली. इथं कुणी त्याला उठाव म्हणत नाही, लढाच म्हणतात.

श्रीलंकेतल्या २०२२ च्या ‘अरगलय’ या जनआंदोलनालाही मराठीत लढाच शोभतो. राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी जावं ही मागणी १४ जुलै २०२२ ला पुरी झाली. पण २० तारखेला संसदेनं त्यांच्या जागी रनिल विक्रमसिंघेंना निवडलं आणि २२ च्या पहाटे सैनिकांनी कोलंबोतला आंदोलकांचा तळ उठवला. माणूस गेला, व्यवस्था तिथंच.

घणसोली : मग मथळ्यात ‘बांगलादेशात उठावानंतर सत्तांतर’ चालेल?

नौपाडा, ठाणे : ‘सत्तांतर’ निवडणुकीनंही होतं, त्यात रस्त्यावरची माणसं पुसली जातात. बांगलादेशी लोक स्वतः ‘गणअभ्युत्थान’ म्हणतात. ‘जनउठावानं सरकार कोसळलं’ लिहा, आणि पुढच्या ओळीत ८ ऑगस्टला युनूस यांचं हंगामी सरकार आलं ते.