मदत हवी आहे: किल्लारीच्या भूकंपात गेलेल्या दादाचा दोष आई अजून स्वतःकडे घेते

नमस्कार. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, किल्लारीजवळच्या एका गावचे. लग्नानंतर मी पुण्यात असते. आईबद्दल विचारायचं आहे, थोडं माझ्याबद्दलही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ ला भूकंप झाला तेव्हा दादा तीन वर्षांचा होता. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, हे सगळं घरच्यांकडून ऐकलेलं. आदल्या रात्री विसर्जनाची मिरवणूक होती. दादा आजोबांच्या खांद्यावर बसून लेझीम बघत होता. घरी यायला तयार नव्हता, पण लेकराला झोप पाहिजे म्हणून आई त्याला घेऊन आली आणि आत निजवलं. आजी आणि ताई अंगणात बाजेवर होत्या, त्या वाचल्या. आईबाबांना लोकांनी ढिगाऱ्यातून काढलं. दादा गेला.

घर तिकडच्या सगळ्या घरांसारखंच होतं. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, म्हणजे ओझं वाढतच जायचं. बऱ्याच घरांत लाकडी खांब-तुळया जागेवर राहिल्या आणि भिंती तेवढ्या आत कोसळल्या. आमचंही तसंच झालं. सकाळी आईने तो खांब उभा बघितला. तेव्हापासून तिचं एकच, "खांबापाशी निजवलं असतं तर." नाहीतर, "मीच आणलं गं त्याला घरी." १९९२ च्या ऑक्टोबरातही किल्लारीच्या आसपास हादरे बसले होते. तेव्हा लोक बाहेर झोपायचे, मग भीती ओसरली तसे घरात गेले. आई तेही स्वतःच्याच माथी घेते, जणू अख्खं गाव तिनेच आत नेलं.

त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचंही. नवं घर पक्कं आहे, पण आई गणपती ते दसरा अंगणातच झोपते. आम्हाला त्याची सवय होती, कुणी काही म्हणत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये हिंगोलीकडे धक्का बसला त्यानंतर मात्र जास्त झालं.

आता विचारायचं कारण माझा मुलगा. तो यंदा तीन वर्षांचा झाला आणि आई त्याच्यासाठी आमच्याकडे राहायला आली आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर. रात्री ती दाराची कडी लावू देत नाही. दाराशी चपला, बॅटरी आणि शाल मांडून ठेवते. आम्हाला झोप लागली की मुलाला उचलून हॉलमध्ये दारापाशी सतरंजीवर घालते आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहते. दिवसा त्याला कधी कधी दादाच्या नावाने हाक मारते. मुलगा ओ देतो.

आणि माझं. ताई आणि दादानंतर आईचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. भूकंपात मुलं गेलेल्या काही बायकांनी नळ्या पुन्हा जोडून घेतल्या, आईनेही घेतल्या. १९९५ ला मी झाले. तो असता तर मी नसते. हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी मुलगा झाल्यापासून पचत नाही. आईला "तुझी चूक नव्हती" म्हणायला जाते आणि शब्द घशात अडकतात.

तिला काय म्हणावं? इतक्या वर्षांनी डॉक्टरकडे नेऊन फरक पडतो का?

प्रतिसाद – सास्तूरकडचा

ताई, आम्ही लोहारा तालुक्यातले, आमच्या घरातले चौघं गेले. वडील जाईपर्यंत घरात नीट झोपले नाहीत. कडीचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडेही रात्री कडी नसायची. एक सांगतो, आम्ही पोरं विषय बदलायचो. पुढे पुढे ३० सप्टेंबरला वडिलांना किल्लारीच्या स्मृतिस्तंभाकडे घेऊन जायला लागलो. तिथे ते दुसऱ्या म्हाताऱ्यांशी तासभर बोलायचे. घरी आल्यावर जेवायचे. आईंना तिकडची माणसं भेटू द्या.

प्रतिसाद – शुभदा_म

गेलेल्या जिवाची शांती करायची राहिली असेल. एकदा विधी करून घ्या, मनाला बरं वाटतं.

प्रतिसाद – समुपदेशक_नाशिक

मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. इतक्या वर्षांनीही उपचारांचा उपयोग होतो, हे आधी सांगते. मोठ्या आघातानंतर त्याच दिवसांत, किंवा लेकराच्या त्याच वयाला पोचलेलं दुसरं मूल समोर आलं की त्रास उसळतो. आईंची झोप उडणं, सतत सावध राहणं हे त्यातलंच असू शकतं. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. झोपेसाठी औषध आणि आघातावरचं समुपदेशन, दोन्हींची गरज लागू शकते.

"तुझी चूक नव्हती" लगेच म्हणू नका. त्या "मीच आणलं" म्हणतील तेव्हा विचारा, "का आणलंस गं?" त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणू द्या की त्याला झोप आली होती. दादाबद्दल बाकीचंही विचारा, तो काय खायचा, कुणाचा लाडका होता. त्याच्या तीन वर्षांतली ती एकच रात्र उरली आहे असं वाटतं.

कडीवरून वाद घालू नका, नातवाला दारापाशी झोपू दे. त्याला हाक मात्र त्याच्याच नावाने मारली जाईल, हे प्रेमाने बघा. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि तुमचं दुःख वेगळं आहे. त्यासाठी तुम्हीही एकटीने कुणाशी तरी बोला. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस फोनसेवा आहे, १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शुभदाताई, विधी वेळच्या वेळी झाले होते, आजोबांनी केले. तुमची भावना पोचली.

काल रात्री मी आईजवळ सतरंजीवर जाऊन बसले आणि "का आणलंस?" विचारलं. ती म्हणाली, "डोळे चोळत होता. आजोबाच्या टोपीत तोंड खुपसत होता." मग बराच वेळ लेझीमचं सांगत राहिली. मला हे काहीच माहीत नव्हतं. दादा लेझीम म्हणायचा नाही, "झेलीम" म्हणायचा. झोपली नाही, पण आडवी झाली.

माझ्यासाठी फोन करणार आहे. आई मात्र फोनवर परक्याशी बोलणार नाही. तिच्याबद्दल मी बोलले तर चालतं का?

प्रतिसाद – समुपदेशक_नाशिक

चालतं. घरच्यांचे फोन येतातच. तिचं वय, झोप, बीपी-शुगरची औषधं आणि हे कधीपासून वाढलं, एवढं हाताशी ठेवा. जवळ कुठे दाखवायचं तेही विचारून घ्या.