मावशीच्या अहिराणी ओव्यांना बाजा लावायचा का? (क्लेमेंतिना दे जेझुसची गाणी ऐकल्यापासून डोक्यात आहे)

बोरीकाठची
नमस्कार. माहेर पारोळा तालुक्यात, सासर अमळनेर. माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जात्यावरच्या ओव्या, आखाजीची (म्हणजे अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाई देवीची, हळदीची, सगळं पाठ. या सुट्टीत ती गाणी रेकॉर्ड करायला बसलो. तिचा नातू लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. तो म्हणाला, "खाली बीट टाकू, नाहीतर कोणी ऐकणार नाही."

त्याच आठवड्यात मी ब्राझीलच्या क्लेमेंतिना दे जेझुस या गायिकेची रेकॉर्ड ऐकत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्म १९०१, रिओ राज्यातलं वालेंसा. आजी-आजोबा गुलाम होते. तिकडची गुलामी उठली १८८८ साली, म्हणजे हिच्या जन्माच्या फक्त तेरा वर्षं आधी. आई काम करता करता गायची, ती गाणी हिच्या गळ्यात उतरली. पुढे रिओत वीसेक वर्षं लोकांच्या घरी कामाला. १९६३ साली एका खानावळीत एर्मिन्यू बेलू दे कार्वाल्यू या कवीने तिला गाताना ऐकलं, तेव्हा ती बासष्टची. चौसष्ट साली पहिल्यांदा मोठ्या मंचावर उभी राहिली.

मी लावली होती १९८२ ची रेकॉर्ड, 'गुलामांचं गाणं' अशा अर्थाच्या नावाची. त्यात ती, दोका आणि जेराल्दू फिल्मे असे तिघे गातात. साथीला फक्त ढोल-डफ-खुळखुळे. पेटी नाही, गिटार नाही. मावशी ओट्यावर सुपात दादर ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं. थोड्या वेळाने म्हणाली, "हाई बाई दयन दयी ऱ्हायनी का?" (ही बाई दळण दळतेय का?) आणि तिचा उजवा हात जमिनीवर हळूहळू गोल फिरायला लागला. भाषेचं अक्षर कळत नव्हतं तिला. हात मात्र बरोबर तालात होता.

तेव्हापासून बीट टाकायला मन घेत नाही. पण नातूही चुकीचं बोलत नाहीये. काय करू?

केळीबाग_रावेर
ताई, मी नातवाच्या बाजूने. आमच्याकडे पोरं डीजेवर वाजतं तेच ऐकतात. चाल तीच ठेवा, खाली ढोलकी आणि कीबोर्ड द्या. गाणं लोकांच्या तोंडात राहिलं तरच टिकेल. आणि तुमची क्लेमेंतिना काय नुसत्या गळ्यावर गायली का नेहमी? तिच्या बाकीच्या रेकॉर्डमध्ये छोटी गिटार, खंजिरी, सगळं ऐकू येतं की.

पांझरा
रावेरकर, बरोबर आहे तुमचं. १९६५ च्या 'रोझा दे ओरो' कार्यक्रमात तिच्यासोबत पाउलिन्यू दा व्हिओला, एल्तोन मेदेरोस असे तरुण सांबावाले होते. १९६८ साली पिशिंगिन्या आणि जुवांव दा बाइयाना या जुन्या जाणत्यांबरोबर तिने रेकॉर्ड केली. १९७३ मध्ये मिल्तोन नासिमेंतोच्या अल्बममध्येही ती गायली. तेव्हा तिकडे लष्करी राजवट होती आणि सेन्सॉरने त्या अल्बममधल्या काही गाण्यांचे शब्दच काढून टाकले होते. म्हणजे बाजाला तिची ना नव्हती.

पण ८२ ची रेकॉर्ड वेगळी आहे, बोरीकाठच्या ताईंनी ती नेमकी धरली. ती गाणी तिच्या घरची नाहीत. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात दियामांचिना गावाकडे हिऱ्यांच्या खाणीत राबणाऱ्या गुलामांची ती गाणी, त्यांना 'विसुंगू' म्हणतात. सकाळी कामाला लागताना वेगळं, प्रेत झोळीत घालून डोंगरवाटेने नेताना वेगळं. शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांचे, त्यात पोर्तुगीज मिसळलेली. आयरेस दा माता मशादू फिल्यू नावाच्या माणसाने १९२८ पासून ती गावात बसून उतरवून घेतली, एकूण ६५. त्यातली १४ या रेकॉर्डवर आहेत. रेकॉर्ड केली तेव्हा क्लेमेंतिनाचं वय ऐंशीच्या पुढे. खाणीत जशी म्हटली जायची त्याच्या जवळ राहायचं, म्हणून सुरांची साथ दिली नाही.

आणखी एक. तिच्या वालेंसाच्या शेजारी वासोरास गाव आहे. तिथल्या कॉफीच्या मळ्यांत जुने लोक 'जोंगो' गायचे. ढोलावरची कोड्यासारखी गाणी, मालकाला कळू नये असं बोलायची सोय. १९४९ मध्ये स्टॅनली स्टाइन हा इतिहासकार तारेवर आवाज उमटवणारं यंत्र घेऊन तिथे गेला. त्या तारा अनेक दशकं तशाच पडून होत्या, २००७ मध्ये पुस्तकासोबत लोकांसमोर आल्या. त्यात जोंगो आहे तसा आहे. वर काही चढवलेलं असतं तर आज काढता आलं नसतं.

म्हणून आधी कोरं रेकॉर्डिंग करा. नातवाला त्याची प्रत द्या, त्यावर त्याला हवं ते करू दे. मोबाइल फ्लाइट मोडवर, पंखा बंद, खाली गोधडीची घडी. सुरुवातीला मावशीलाच नाव, गाव आणि गाणं कोणाकडून शिकली ते बोलायला सांगा.

सासरवाशीण_चोपडा
नावाचं मनापासून पटलं. आमच्या आत्यांची आखाजीची गाणी वीसेक वर्षांपूर्वी एका कॅसेटवाल्याने भरून नेली. कॅसेटवर नाव दुसऱ्याच बाईचं. आत्यांना एक लुगडं मिळालं. त्या गेल्या, घरात ती कॅसेटसुद्धा राहिली नाही.

मला क्लेमेंतिनाचं हेच मोठं वाटतं. ती मालकिणींच्या घरात जे गुणगुणायची तेच गाणं स्वतःच्या नावाने घेऊन १९६६ साली सेनेगलला गेली. डाकारला जगभरच्या कृष्णवर्णीयांच्या कलांचा महोत्सव होता. आजी-आजोबांच्या आफ्रिकेत, त्यांचीच गाणी घेऊन. हे वाचल्यावर मी किती तरी वेळ तशीच बसून होते.

आपल्याकडे बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. सोपानदेवांनी कागदावर घेतलं म्हणून शब्द तरी हाती लागले. आवाज काही आपल्याला ऐकायला मिळत नाही. तुमची मावशी समोर बसली आहे, ताई. उद्यावर नका टाकू.

बोरीकाठची
सगळ्यांचे आभार. पांझरा, तुम्ही सांगितलं तसं कोरं भरायला घेतलं. परवा बारा ओव्या झाल्या. नाव-गाव सांगताना मावशी लाजली, मग आईचं नाव, आजीचं नाव, आजीच्या माहेरचं गाव असं सांगतच सुटली. चार मिनिटं तेच आहे, आणि ते मी कापणार नाही. नातू शेजारी कानाला हेडफोन लावून बसला होता. एका ओवीला ती श्वास कुठे घेते ते त्याने मला दाखवलं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बीटचं तो नंतर बघू म्हणाला.

मात्र मावशीचंच समाधान नाही. म्हणते, "जातं नही ते ओवी कशी?" तिला दळता दळता गायचं आहे. माळ्यावरून जातं खाली काढलं. खुंटा सुतार बसवून देईल, पण जात्याच्या दगडी पाळी पार गुळगुळीत झाल्या आहेत, टाकी लावून (छिन्नीने टोचून) खरखरीत केल्याशिवाय दाणा फुटणार नाही. पूर्वी पाथरवट दारावर यायचे, आता कितीतरी वर्षांत कोणी दिसलं नाही. अमळनेर, पारोळा, धरणगाव या बाजूला अजून कोणी जात्याला टाकी लावतं का? आखाजीआधी व्हायला हवं.