मदत हवी आहे: अण्णांची अक्कलदाढ

नमस्कार सोलापूरकर. अण्णांची खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकलीय. ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे झाला. जागा बधिर करून, हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढणार; टाके ७ दिवसांनी निघणार. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तेही कळलं. पण दाढेचं मूळ नसेला खेटलंय, ओठ काही दिवस बधिर राहू शकतो म्हणे. कुणाला असं झालंय का? किती दिवसांत गेलं?

दुसरी काळजी तंबाखूची. जखमेतली रक्ताची गुठळी निघाली तर भयंकर ठणकतं, म्हणून डॉक्टरांनी तंबाखू पूर्ण बंद सांगितलीय. अण्णांनी मान डोलावली, हात मात्र खिशातल्या चंचीवर! आणि कडक भाकरी-शेंगाचटणी तुम्ही कितव्या दिवशी सुरू केली? रोज तेच विचारतायत.