आईला फुक्स डिस्ट्रॉफी : डीमेक, थेंब की 'पेशींचं इंजेक्शन'? मदत हवी आहे

मुठाकाठ :
नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रोडला राहतो. आई ६८ वर्षांची आहे. सकाळी उठल्यावर तिला सगळं धुकट दिसतं, गॅसच्या ज्योतीभोवती रंगीत वलय दिसतं. अकरा वाजले की तीच आई खिडकीपाशी बसून तांदूळ निवडते, एक खडा सुटत नाही. मोतीबिंदूसाठी दाखवायला गेलो तर डॉक्टरांनी स्पेक्युलर मायक्रोस्कोपी (बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजायची तपासणी) करायला लावली. निदान फुक्स डिस्ट्रॉफी. उजव्या डोळ्यात पेशी ९००, डाव्यात १५०० (चौरस मिलिमीटरला). उजव्या बुबुळाची जाडी ६५० मायक्रॉन.

डॉक्टरांनी नीट समजावलं. बुबुळाच्या सगळ्यात आतला थर, एंडोथेलियम, एकाच पेशीच्या जाडीचा असतो आणि बुबुळात शिरणारं पाणी सतत उपसत असतो. या पेशी गेल्या की शरीर नव्या बनवत नाही. झोपेत पापण्या मिटलेल्या, पाणी उडून जायला वाव नाही, म्हणून त्रास सकाळी जास्त.

त्यांचा सल्ला आहे की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आणि डीमेक (बुबुळाचा फक्त हा आतला थर बदलायचं ऑपरेशन) एकदमच करावं. पण त्यानंतर उताणं पडून राहावं लागतं, आणि आईला मणक्याचा त्रास आहे, उताणं झोपणं जमत नाही. नंतर तिला विमानाने भावाकडे बंगळुरूला न्यायचं ठरतंय. त्यातच एका क्लिनिकने भावाला फोनवर सांगितलं, 'ऑपरेशन कशाला, स्टेमसेलचं इंजेक्शन देतो, डोळा नवा होईल.' रक्कम मोठी आहे, कागद एकही दाखवला नाही. आणि मावशीने जपानी थेंबांचा मेसेज पाठवलाय. यातलं सुरक्षित काय, कुणी अनुभवाने सांगेल का? आई घाबरली आहे, आणि तिला खोटा धीर द्यायचा नाहीये.

वृंदा_क :
सासूबाईंचं डीमेक झालंय, म्हणून लिहिते. ऑपरेशन सोपं गेलं, कठीण होतं ते नंतरचं. नेत्रदात्याच्या बुबुळाचा फार पातळ पापुद्रा आत ठेवतात आणि तो चिकटावा म्हणून डोळ्यात हवा किंवा गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर चढतो आणि पापुद्र्याला दाबून धरतो, म्हणून छताकडे तोंड करून पडायचं. सासूबाईंच्या पापुद्र्याची एक कड सुटली, पुन्हा हवा भरावी लागली. ते ऐकून आम्ही हादरलो होतो, पण डीमेकमध्ये हे बऱ्याच जणांना लागतं. त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का ते आधीच विचारा.

झोपण्याचं म्हणाल तर आत्तापासून सवय करा. गुडघ्यांखाली उशी, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल. आणि गॅस जिरेपर्यंत विमान अजिबात नाही. वर गेलं की गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो. महाबळेश्वरला जायचं असलं तरी डॉक्टरांना विचारूनच.

नेत्रवैद्य_पुणे :
मी नेत्रतज्ज्ञ आहे. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, म्हणून निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

नुसता मोतीबिंदू काढला तर? त्या शस्त्रक्रियेत काही पेशी जातातच. ९०० पेशी, ६५० जाडी आणि सकाळचं धुकट दिसणं हे एकत्र पाहिलं तर नंतर बुबुळ सुजण्याची भीती खरी आहे. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं.

डीमेक, डीसेक (यात आतल्या थरासोबत जरा जाड पापुद्रा बसवतात) आणि जुनं पूर्ण बुबुळरोपण यांची २०१२ साली प्रसिद्ध झालेली एक तुलना आहे. दोन वर्षांत शरीराने रोपण नाकारण्याचा धोका अनुक्रमे १, १२ आणि १८ टक्के निघाला. डीमेकची जमेची बाजू ही. उणी बाजू वृंदाताईंनी लिहिलीच आहे. शिवाय स्टेरॉइडचे थेंब बराच काळ चालतात आणि काहींच्या डोळ्याचा दाब त्याने वाढतो. घरात कुणाला काचबिंदू असेल तर हे आधी सांगा.

मिठाच्या पाण्याचे ५ टक्क्यांचे थेंब सूज तात्पुरती उतरवतात, पेशी वाढवत नाहीत. मावशींचे जपानी थेंब बहुधा रिपासुडिल असावेत. ते जपानमध्ये २०१४ साली काचबिंदूसाठी मंजूर झाले. एंडोथेलियमसाठी त्यांचा उपयोग अभ्यासला जातोय, विशेषतः फक्त खराब मधला भाग सोलून काढल्यावर. डोळा लाल होणं हा नेहमीचा त्रास. त्याच गटातलं नेटारसुडिल बुबुळ आधीच सुजलेलं असेल तर पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखे फुगे आणू शकतं. मनाने घालू नका.

पेशींचं इंजेक्शन ही अफवा नाही. क्योटोच्या डॉ. शिगेरू किनोशिता यांच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या दात्याच्या पेशी ११ रुग्णांच्या डोळ्यांत सोडल्या आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये जपानने या उपचाराला मान्यता दिली. पण त्यामुळे पुण्यात फोनवर विकलं जाणारं इंजेक्शन तेच ठरत नाही. त्या क्लिनिकला दोनच गोष्टी विचारा : पेशी कुणाच्या आणि कुठे वाढवल्या, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा (रुग्णांवरच्या अभ्यासांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक काय. खऱ्या अभ्यासात असलेल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागत असतील तर तिकडे फिरकू नका.

मुठाकाठ :
मनापासून आभार. भावाला हे जसंच्या तसं पाठवलं, तो क्लिनिकवाल्यांना पुन्हा फोन करणार नाही म्हणाला. वृंदाताई, टॉवेलची युक्ती आज दुपारी करून पाहिली, आई अर्धा तास पडू शकली. एकच विचारते : डाव्या डोळ्यात १५०० आहेत, तो कधी करायचा?

नेत्रवैद्य_पुणे :
आधी उजवा स्थिर होऊ द्या. डाव्याची जाडी आणि पेशी ठरावीक अंतराने मोजत राहा, शक्यतो एकाच मशीनवर, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. त्यात सकाळचा त्रास नसेल तर घाई नाही. आणि उजव्या डोळ्यात अचानक लाली, दुखणं किंवा नजर मंद झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा, वर्षभरानंतर झालं तरी.